इंडेक्स काढलेला असताना

बेवारस मृतांच्या डीएनएच्या नोंदी लखनौच्या आमच्या प्रयोगशाळेत ठेवल्या जातात. २०१२ च्या मार्चमध्ये इतर राज्यांच्या लाखो नोंदी एकदम भरायच्या होत्या. अशा वेळी आम्ही आधी इंडेक्स काढून टाकतो. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर ती दुरुस्त करत बसलं तर भरणा संपत नाही. नंतर ती नव्याने बांधायची. तोवर शोध फार हळू चालतो, कारण संगणक एकेक नोंद वाचत जातो.

नेमक्या त्या दुपारी वसुधाताई आल्या. मूळच्या वाईच्या, नवरा इथे हवाईदलात. पाच वर्षांपूर्वी त्यांना भेटायला निघालेला भाऊ, धैर्यशील, लखनौत पोचलाच नव्हता. त्यांच्या डीएनएचा नमुना आमच्याकडे होता. दर महिन्याला त्या विचारायच्या, मी "नाही" म्हणायचे, मग त्या अमीनाबादच्या बाजारात काहीतरी खरेदी करून घरी जायच्या.

"आज फार वेळ लागेल. उद्या या ना."

"उद्या कुठली? बदली झाली आमची, संध्याकाळची गाडी आहे. विचारा हो. 'नाही' ऐकायची सवय झालीय तुमच्या तोंडून."

मी शोध सुरू केला. चहा झाला, सामानाच्या ट्रकवाल्याला शिव्या देऊन झाल्या. मग पडद्यावर एक ओळ उमटली. सख्खा भाऊ. नोंद पाच वर्षांपूर्वीची, म्हणजे तो पहिल्यापासून इथेच होता.

जुना इंडेक्स बिघडलेला असणार. भरणा संपला होता, म्हणून मी नवा बांधला आणि पुन्हा शोधलं. क्षणात उत्तर आलं: नाही.

नव्या इंडेक्सला चुकायचं काही कारण नव्हतं. अस्थींच्या पेट्या ठेवतात त्या भांडारात मी गोपीनाथला फोन करून रॅकचा क्रमांक सांगितला.

"वो जगह तो खाली है, मैडम."

फोन कानाशी धरूनच मी इंडेक्स काढला.

"मैडम... पेटी है. कसम से, मैं यहीं खड़ा था."

वसुधाताईंनी सगळं ऐकलं होतं. "तो असाच," त्या म्हणाल्या. "हाक मारली की ओ द्यायचा नाही. एकेक खोली शोधत गेलं की सापडायचा."

सापडला तर अस्थी नेण्याची पोलिसांची परवानगी त्यांच्याकडे कधीची तयार होती. विभागप्रमुख लक्ष्मीकांत सरांनी सही केली. पेटी मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या.

"ते तुमचं बांधू नका इतक्यात. याला कृष्णेत सोडलं की फोन करते."

पेटी त्यांच्या मांडीवर असतानाच इंडेक्स बांधून बघायला हवा होता. तोच खरा प्रयोग. माझं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळीकडून तक्रारी येत होत्या, सिस्टिम रेंगाळतेय म्हणून. लक्ष्मीकांत सर दारात येऊन उभे राहिले.

"अहो, इंडेक्स बांधताय ना? अजून किती वेळ?"

"बांधतेय, सर," मी म्हणाले. पडद्यावर काहीच चालू नव्हतं. वसुधाताईंची गाडी अजून भुसावळलाही पोचली नसेल.