ठेव किंवा परत

भाकरीचं मशीन. परत.

सौरदिवे, तिनाचा संच. दोन ठेव, एक परत. कंपनी सुटा दिवा परत घेत नाही. मग तिन्ही ठेव.

"सहा महिने रिचार्ज फुकट, खालची लिंक दाबा." दाबू नको. दाबलीस? आण फोन इकडे.

उमरठच्या रस्त्याला फाट्यावर किशोरचं दुकान आहे. पुढे बिस्किटं, विड्या, ताडपत्री. मागच्या फळीवर खोकी. कुरिअरवाला फाट्यापर्यंत येतो, त्याच्या वर चढत नाही. वरच्या वाड्यांतल्या कुणाच्याही मुलाने भांडुपहून, दिव्याहून काहीही मागवून दिलं तरी पत्ता एकच, किशोरचं दुकान, फाटा. ज्याचं खोकं तो खाली येतो, तिथेच उघडतो, आणि उघडल्यावर किशोरकडे बघतो.

ते बघणं.

किशोर घाई करत नाही. वस्तू हातात घेऊन वजन बघतो. वायर वाकवतो, पिन खोचतो, बटण दाबतो, गरम झाल्यावर वास घेतो. लोक थांबलेले असतात. वडाप जीपचा राजेश गाडी भरायची सोडून थांबलेला असतो. मग किशोर एकच शब्द बोलतो. ठेव. किंवा परत. भाकरीच्या मशीनला त्याने घरून तांदळाची उकड आणून घातली होती. भाकरीचा पापड झाला. खोक्याला चिकटपट्टी मारत तो म्हणाला, "ह्याला गहू कळतो. आपुन नाय कळत." ते वाक्य पोलादपूरच्या बाजारात लोकांनी त्यालाच परत ऐकवलं होतं. दुसऱ्याचं म्हणून.

तेजश्री. निकाल राखून.

महिपतकाकांची सून. माहेर महाडजवळचं नाते गाव. नवरा विनीत ठाण्याला असतो. ती वाडीतच राहते, कारण सासऱ्याचे गुडघे आता वाडी सोडायला तयार नाहीत. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिने पहिल्यांदा बोलून संदेश टाकला तेव्हा किशोरने तो ऐकलाच नाही. दुसराही नाही. तिसरा मात्र दुकानात उभ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर एकामागून एक वाजायला लागला, तेव्हा कान झाकून घेणं बरं दिसलं नसतं.

"नमस्कार मंडळी, तेजश्री बोलतेय. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची ऑफर सगळीकडे फिरतेय. पंप चांगला आहे, खोटं बोलणार नाही. पण भरल्यावर उचलून बघा. आमचं शेत वर डोंगरात, पाणी खाली ओढ्याला. चढणीला तो पाठीवर घेणार कोण? आमचे मामंजी? वस्तू चांगली हाय, आपल्या कामाची नाय. एवढंच. हाड हाड… कोंबडी आली, ठेवते."

त्या पंपाला किशोरने ठेव म्हटलं होतं.

सकाळी महिपतकाका पंप घेऊन हजर.

"परत कर रे हे."

"काका, मी चालवून दाखवला ना तुम्हाला?"

"चालला की. दुकानात चालला. तुझ्या बिस्किटांवर फवारायचाय काय मला?"

राजेश इतका हसला की त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

त्यानंतर:

किशोर तिचे संदेश ऐकायला लागला. सगळे. दुप्पट वेगाने ऐकायचा, म्हणजे तिचा आवाज किरटा व्हायचा आणि त्याला थोडं बरं वाटायचं.

किशोर चुका शोधायला लागला. सापडेनात. सापडत नाहीत ह्याचा राग वेगळा.

किशोर तिच्या आधी पोचायचं म्हणून उठल्या उठल्या ऑफरी चाळायला लागला. गळ्यात अडकवायचा पंखा, काकडी कापायचं पिस्तूल, झोपेत घोरणं मोजणारं अॅप. खोकं यायच्या आधीच ग्रुपवर निकाल. ठेव. ठेव. ठेव. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. खाली तेजश्रीने विचारलं, "भावोजी, घोरणं मोजून करायचं काय?" त्याच्याखाली हसण्याची रांग.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे खोकी बंदच वर जायला लागली. माणूस यायचा, नाव सांगायचा, खोकं काखेत मारायचा. "उघडत नाहीस?" "नको. तेजश्रीला विचारूनच मागवलंय." आणि वडापच्या टपावर खोकं. किशोरचे हात काउंटरवर तसेच. आत काय आहे हे त्याला कळायचंच नाही. एखाद्याच्या घरासमोरून वऱ्हाड जावं आणि त्याला कुणी ये म्हणू नये, तसं ते रोज फाट्यावरून जायचं.

तिने लाच घेतली असती तर बरं झालं असतं. तिने कधी फसवं काही सुचवलं असतं तर त्याने तिला मोठ्या मनाने माफसुद्धा केलं असतं. रात्रंदिवस त्याची एकच मागणी होती. एकदा चुकू दे तिला.

खोकं. मुठीएवढं. नाव: रंगूबाई रावजी.

किशोरने नाव वाचलं. परत वाचलं. रावजी त्याचे वडील. रंगूबाई त्याची आई. खाली फोन नंबर होता तो आईचा नव्हता, त्याचाही नव्हता. फोनमध्ये टाकून बघितला. नाव आलं, महिपत सून.

"कुणाचं रे?" राजेश वाकला. "आयला! रंगूकाकी पण ऑनलाइन?"

"गाडी भर तुझी."

एका घरात राहायचं, एका तव्यावरची भाकरी खायची. आईने त्याला न सांगता लुगडं घेतलं असतं, कुणाला पैसे दिले असते, देवाला नवस बोलली असती, तर त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण बटणाची वस्तू? बटणाच्या वस्तूसाठी आख्खी वाडी त्याच्याकडे येत होती तेव्हापासून ही बाई त्याच्या घरात होती. आणि ती गेली कुणाकडे.

खोक्यावर बारीक अक्षरात काय आहे ते लिहिलं होतं. कानाचं मशीन.

पण कानाचं मशीन तर तिच्याकडे होतं! त्यानेच आणलं होतं, दिवाळीच्या ऑफरमध्ये, एकावर एक फुकट. नेहमीप्रमाणे इथेच उघडलं होतं, नेहमीप्रमाणे त्यानेच तपासलं होतं. कानात घातलं आणि ओढ्यापलीकडच्या बकरीची घंटा गळ्याशी वाजली. राजेशचा गिअर पोटात पडला. काय मशीन! ठेव. आईने कानात घातलं, मान हलवली. तेव्हापासून ती मान हलवते. कुणी काहीही बोललं की हलवते. साइटवर किशोरने पाच तारे दिले होते. आई खूष.

त्याने नवं खोकं उघडलं. दुसऱ्याचं खोकं विचारल्याशिवाय त्याने आजवर उघडलं नव्हतं. पण हे दुसऱ्याचं कुठे? आईचं.

आत दोन बारकी यंत्रं, चिंचोक्याच्या रंगाची. एक कानात घातलं.

पिशवी चुरगळली, पत्रा फाटल्यासारखी. काउंटरवर चमचा ठेवला, सुरी खुपसल्यासारखा. "हॅलो" म्हणाला तर स्वतःचाच आवाज कळशीत तोंड घालून ओरडल्यासारखा. त्याने ते उपटून काढलं.

आणि मग त्याला इतका आनंद झाला की तो स्टुलावर बसला. शेजाऱ्याच्या झाडाचा नावाजलेला आंबा कापावा आणि आत अळी निघावी, तसा. तो पुन्हा कानात घालून पत्रा ऐकून आला. पुन्हा काढलं. पुन्हा घातलं.

मग ग्रुपवर, घसा साफ करून:

"मंडळी, किशोर बोलतोय. आज एक महागातलं कानाचं मशीन तपासलं. कुणी सुचवलं त्याचं नाव घेत नाय, माणूस आपलंच हाय. आवाज फाटका. कानाला इजा होईल. बोगस. निकाल, परत. ज्यांच्या आईबापांच्या कानाचा प्रश्न असेल त्यांनी अनुभवी माणसाला विचारून मगच पुढे जावं. धन्यवाद."

खोक्याला चिकटपट्टी. दोन्ही बाजूंनी. कुरिअरवाला फेरीला आला की द्यायचं.

कुरिअरवाल्याच्या आधी वडाप खाली आलं. पुढच्या सीटवरून आई उतरली, मागून तेजश्री. राजेशने इंजिन बंद केलं, एरवी तो करत नाही. वरून आणखी चार माणसं आली होती, त्यांना खाली काही काम नव्हतं.

"भावोजी, काकींचं पार्सल."

"परत चाललंय. ग्रुपवर ऐकलं नाय?"

"ऐकलं की." तेजश्रीने पदराने घाम पुसला. "कानात घालून बघितलंत?"

"मग काय नाकात घालून बघू?"

राजेश फसकन हसला.

"कुणाच्या कानात?"

"माझ्या! मी तपासतो ते माझ्याच…"

"तुमचे कान धडधाकट हायेत, भावोजी. महाडला डॉक्टरांनी काकींचे कान तपासले. कुठला आवाज येतो, कुठला येत नाय, त्याचा कागद दिला. त्या कागदावरून कंपनीने हे लावून पाठवलंय. काकींना जे येत नाय तेवढंच हे मोठं करतं. तुम्हाला ते आधीच येतं, मग पत्रा वाजणारच. दुसऱ्याचा चष्मा घातला तर पायरी चुकते ना? तो चष्मा बोगस का?"

ती भांडत नव्हती. समजावत होती, पंपाबद्दल समजावलं होतं तशीच. ह्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

तो आईकडे वळला आणि सवयीने ओरडला. "महाडला कधी गेलीस गो आये?"

आईने त्याच्या ओठांकडे बघितलं. "बारशाला."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाय. तुला सांगितलं बारसं. गेलो डॉक्टरकडं. पैसे सुहासने भरले."

सुहास, मुंबईचा धाकटा भाऊ. म्हणजे त्यालाही ठाऊक.

"आणि मला नाय सांगितलंस?"

"तुला सांगून तू काय केलं असतंस? तपासलं असतंस."

"पहिलं मशीन चालत होतं ना? मान हलवायचीस ना?"

त्या चार माणसांकडे बघून आईने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती खाली आला ते कळत नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

"शिट्टी वाजायची रे त्यात. डोकं उठायचं. मी बंद करून घालायची. तू ठेव म्हनाला होतास ना. चार मानसांत तुझा शबूद कसा खाली पाडू?"

राजेश वाकून टायर बघायला लागला. टायरला काही झालेलं नव्हतं. किशोरला कळलं, हे राजेशला माहीत होतं. ह्या चौघांनाही माहीत होतं. आईचं मशीन बंद आहे हे आख्ख्या वाडीला माहीत होतं, आणि सगळे त्याच्या दुकानात येऊन तोंडावर विचारत होते, घेऊ का रे किशोर?

तेजश्रीने खोकं ओढून घेतलं, नखाने चिकटपट्टी सोडवली आणि रंगूबाईंच्या कानामागचे केस बाजूला केले. एक बसवलं. दुसरं बसवलं. किती हळू बसवलं. किशोरने त्या बोटांकडे बघितलं. हे काम त्याचं होतं.

वाज, तो मनात म्हणाला. शिट्टी वाज. एकदा वाज.

वाजली नाही.

आईचे डोळे बारीक झाले. तिने मान एकीकडे वळवली, दुसरीकडे वळवली. सगळे वाट बघत होते.

"हे काय घुंघुं करतंय?"

"कुठे? काय नाय," किशोर ओरडला.

"अरे ओरडतोस कशाला! हे इकडं." ती काउंटरला वळसा घालून थंड बाटल्यांच्या फ्रिजपाशी गेली, वाकली, हात ठेवला. "हा. कधीपासून वाजतोय असा? बिघडलाय हा."

"नवा हाय तो! मी स्वतः…"

"परत," रंगूबाई म्हणाल्या.

फाटा हसला. चौघं हसले, राजेशने हॉर्न मारला, तेजश्री पदर तोंडाला लावून हसली. आणि सगळे बघत होते. पण त्याच्याकडे नाही.

मशीन. ठेव.

हा निकाल किशोरने दिलेला नाही.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी तो दुकान बंद करून घरी आला. आई पडवीत बसून वाल सोलत होती. भिजवून मोड आलेले कडवे वाल, बोटाने दाबले की साल सुटते, बिरडं परातीत पडतं. बाजूला फोन उताणा पडलेला. आई हसत होती.

घरात दुसरं कुणी नव्हतं.

"काय झालं गो?"

आईचं लक्ष नव्हतं. डोळे अंगणापलीकडे, ओठ हलत होते, कुणीतरी गोष्ट सांगताना पुढचं आपल्याला आधीच कळतं तेव्हा हलतात तसे. मग ती पुन्हा हसली, ह्या वेळी खांदे हलवून.

त्याने फोनकडे बघितलं. पडद्यावर एक रेघ पुढे सरकत होती, वर नाव, तेजश्री म. आवाज फोनमधून येत नव्हता. तो सरळ आईच्या कानात जात होता.

त्याने खिशातून आपला फोन काढून ग्रुप उघडला. ग्रुपवर काही नव्हतं. हे ग्रुपवर टाकलेलं नव्हतं.

"काय म्हनते ती?"

आईने ओलं बोट वर केलं. थांब.

तो परातीशेजारी बसला. एक वाल घेऊन दाबला, तो हातात फुटला. त्याने मान आईच्या कानाजवळ नेली, अगदी जवळ, तिच्या केसांचा खोबरेलाचा वास येईपर्यंत. आतून काहीतरी येत होतं. मुंगीएवढं. शब्द लागत नव्हते. आई पुन्हा हसली, आणि आपल्याला कळलंय असं दाखवण्यासाठी किशोरने मान हलवली.