पितळी स्क्रू

जिन्याखालच्या त्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मावशी तिथे एकतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत होत्या. मशीन आलं की आधी त्या ते उघडायच्या नाहीत. चाक फिरवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. सुई ठीक आहे, दाते झिजलेत, असं झाकण न काढताच सांगायच्या आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळी गिऱ्हाइकाने मशीनमध्ये काहीतरी पाडलेलं असायचं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत असायची.

त्यांना एकच नाद होता, खेळण्यातल्या शिलाई मशीनांचा. तळहातावर मावणारी, पत्र्याची, हाताने चाक फिरवायची मशीनं. पण नुसती शोभेची नव्हेत, खरोखर शिवणारी. एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतात. अशी अकरा मशीनं त्यांनी भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून जमवली होती आणि अकराही चालू होती. न चालणारं मशीन घरात ठेवणं म्हणजे, त्यांच्या मते, आजारी माणसाला हार घालून बसवणं.

लिलावाची साईट त्यांना सुनेने दाखवली. सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. एका सुट्टीच्या दिवशी तिने सासूच्या फोनवर ते पान उघडून दिलं आणि मावशींना जत्रेत सोडलेल्या पोरासारखं झालं. जगभरातली मशीनं तिथे होती, निळी, लाल, फुलं काढलेली. तिसऱ्याच दिवशी त्यांनी एका लाल मशीनवर बोली लावली. विकणाऱ्याच्या दुकानाचं नाव होतं 'अडगळीतलं सोनं'.

समोर बोली लावणारा एकच होता, 'पाणकोंबडा' नावाचा. मावशी थोडं चढल्या की तो थोडं चढायचा. मावशी थांबल्या की तोही थांबायचा. त्या पुन्हा हलल्या की हा लगेच हजर. मनात ठरवलेला आकडा कधीच मागे पडला, पण आता माघार कशी घ्यायची, या हट्टापायी त्या चढत गेल्या. शेवटच्या दहा मिनिटांत पाणकोंबडा एकाएकी गप्प झाला आणि मशीन मावशींना मिळालं. त्यात दीड महिन्याची कमाई गेली.

खोकं आलं तेव्हा त्यांनी नखाने रंग खरवडला. वरचा लाल थर नवा होता, खाली तीन रंगांचे थर. चाक दुसऱ्याच मशीनचं. सुई हलायची, पण खालचा, दोरा पकडणारा आकडाच गायब, त्यामुळे टाका पडणं शक्यच नव्हतं. विकणाऱ्याला लिहिलं, तर गोड उत्तर आलं की जुनी वस्तू जशी आहे तशी विकली आहे, परत घेतली जाणार नाही.

मुलगा बस आगारात मेकॅनिक होता. तो हसत म्हणाला की आईचा स्क्रू जरा ढिला झालाय, ऐंशी टक्के घट्ट आहे अजून, पण बघावं लागेल. मावशी हसल्या नाहीत. त्यांना पैशापेक्षा वेगळंच लागलं होतं. एकतीस वर्षं मशीन बघून आपण रंगाला भुललो. आठवडाभर त्यांनी फोनला हात लावला नाही.

आठव्या दिवशी त्यांनी फोन उचलला, तो बोली लावायला नव्हे. बिघडलेल्या मशीनशी जसं वागायचं तसं त्या साईटच्या पानाशी वागल्या. चाक हळूहळू फिरवायचं आणि खडखडाट कुठून येतो ते ऐकायचं. साईटवर जुन्या लिलावांच्या बोल्या बघता येत होत्या. 'अडगळीतलं सोनं'चे मागचे सोळा लिलाव त्यांनी एकेक करून उघडले. सोळांपैकी चौदांत पाणकोंबडा होता. एकदाही जिंकला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दुकानात त्याने कधी एक बोलीही लावली नव्हती. आणि प्रत्येक वेळी शेवटची दहा मिनिटं उरली की तो गप्प.

त्यांनी सुनेला ती पानं दाखवली. मावशी म्हणाल्या, "अगं, हा गिऱ्हाईक नाही. हा विकणाऱ्याचाच माणूस, भाव चढवायला ठेवलेला. नाहीतर तो स्वतःच."

दोघींनी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. साईटवाल्यांना कळवलंही, पण तिकडून नुसतं उत्तर आलं की तक्रार मिळाली, तपास करू. मावशींनी त्या दिवसापासून एक नियम केला. बोली लावायच्या आधी जास्तीत जास्त किती द्यायचे ते कागदावर लिहायचं आणि कागद सुनेच्या हातात द्यायचा. आकडा ओलांडायचा असेल तर तो कागद सुनेकडे मागावा लागेल. सुनेकडे काही मागणं, हे मावशींच्या दृष्टीने कुठल्याही कुलपापेक्षा मजबूत होतं.

महिन्याभराने त्याच दुकानात हंसाचं मशीन आलं.

हिरव्या पत्र्यावर पांढरा हंस. ही मशीनं फार थोडी बनली आणि मग कारखानाच बंद पडला. जमवणाऱ्यांत त्याचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणून बोलतात. सोबत कुणा तज्ज्ञाचं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र होतं, 'सर्व भाग मूळचे' असं. फोटो सुंदर होते. बोल्या धडाधड चढत होत्या, पाणकोंबडा त्यात होताच, आणि 'शिडाची होडी' नावाचा एक जण सगळ्यांच्या पुढे होता.

मावशी फोटो बघत होत्या. सुई जिथे धरली जाते तिथे त्यांची नजर अडकली. त्यांनी सुनेला हाक मारली आणि तेवढा भाग मोठा करायला सांगितला. सुनेच्या डोळ्याला अशी सवय होतीच. तिने चित्र ताणलं, उजेड वाढवला.

सुई धरणारा स्क्रू पितळी होता. एका बाजूने कानशीने सपाट घासलेला.

"हा मी बसवलाय," मावशी म्हणाल्या.

सहा वर्षांपूर्वी भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षिका हे मशीन घेऊन आल्या होत्या. मूळचा स्क्रू हरवला होता. त्या मापाचा कुठेच मिळेना, म्हणून मावशींनी जुन्या रेडिओच्या बटणातला पितळी स्क्रू काढून बसवला. त्याची कड पत्र्याला घासायची, म्हणून एक बाजू सपाट केली. असा स्क्रू जगात दुसरा असणं शक्य नव्हतं.

पहिला विचार आला तो, बाईंनी मशीन विकलं का? दुकानाला कुलूप लावून दोघी बाईंच्या घरी गेल्या. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या, आणि त्यांच्या शेजारी हिरवं मशीन जसंच्या तसं. बाईंना कशाची गंधवार्ता नव्हती. मागच्या वर्षी भाचीने हौसेने मशीनचे फोटो काढून सगळ्यांना दिसतील असे टाकले होते, एवढं त्यांना आठवलं. म्हणजे त्या माणसाकडे मशीन नव्हतंच. होते ते फक्त उचललेले फोटो.

मावशींनी बाईंच्या टेबलावर बसूनच साईटवर प्रश्न लिहिला. तिथे प्रश्न सगळ्यांना दिसायचा, आणि तो विचारणाऱ्यालाच काढता यायचा, विकणाऱ्याला नाही. त्यांनी लिहिलं की कृपया मशीनच्या तळाचा आणि सुईजवळच्या स्क्रूचा नवा फोटो टाका, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून. तो स्क्रू मूळचा नाही. बोली लावणाऱ्यांनी फोटो येईपर्यंत थांबावं आणि साईटच्या बाहेर कुणालाही पैसे देऊ नयेत.

तासाभरात फोन वाजला. मागच्या खोक्यामुळे त्या माणसाकडे नंबर होता. सुनेने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आवाज तरुण आणि मधाळ होता. मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, असं म्हणत त्याने सुरुवात केली. प्रमाणपत्राचं सांगितलं, तज्ज्ञाचं सांगितलं. मग हळूच म्हणाला की तुमच्या वयाला हे सगळं जरा अवघड जातं, यात न पडलेलं बरं.

"तुमच्या फोटोतल्या मशीनला माझा स्क्रू बसलाय," मावशी म्हणाल्या. "आणि ते मशीन आत्ता माझ्यासमोर आहे. चाक फिरवू का? ऐकू येईल तुम्हाला."

बाईंनी न सांगताच मशीन पुढे सरकवलं. मावशींनी चाक फिरवलं. खोलीत बारीक, एकसारखा टकटक आवाज उमटला.

मावशी शांतपणे म्हणाल्या की तुमच्या मागच्या सगळ्या लिलावांचे कागदही माझ्याकडे आहेत. यापुढे जे सांगायचं ते लिहून सांगा, मला वयामुळे नीट ऐकू येत नाही. आणि फोन ठेवला.

सून म्हणाली की आता तो कशाला लिहील. मावशींना मात्र खात्री होती. घाबरलेला माणूस धागा ओढतो, त्या म्हणाल्या, आणि साखळी टाक्याचा एक धागा ओढला की अख्खी शिवण उसवते.

पंधरा मिनिटांनी निरोप आला. प्रश्न ताबडतोब काढून टाका, लाल मशीनचे पैसे आजच परत करतो. आणि पाणकोंबड्याचं नाव कुठेही काढू नका.

बाईंनी चष्मा पुसून तो निरोप दोनदा वाचला. "याला पाणकोंबड्याबद्दल तू काही विचारलं होतंस का?"

"एक अक्षर नाही, बाई."

बाई खुर्चीत मागे रेलून हसू लागल्या. चाळीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडल्या, त्या म्हणाल्या, पण न विचारता उत्तर देणारा विद्यार्थी कधी भेटला नव्हता.

मग कामाला वेळ लागला नाही. मशीनचे सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र, भाचीने मागच्या वर्षी टाकलेले मूळ फोटो, चौदा लिलावांची पानं आणि वर तो निरोप. सुनेने सगळं क्रमाने लावून साईटवाल्यांना पाठवलं. या वेळी 'तपास करू' असं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हंसाचा लिलाव थांबवला गेला. संध्याकाळपर्यंत दुकानही बंद आणि पाणकोंबडाही बुडाला. आठवड्याभरात मावशींचे पैसे साईटकडून परत आले, आणि त्या चौदांतल्या इतर खरेदीदारांचेही.

मधल्या काळात 'शिडाची होडी'चं पत्र आलं. ते बोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ होते. विकणाऱ्याने त्यांना खाजगीत गाठून, साईटच्या बाहेर थेट पैसे पाठवलेत तर बरंच स्वस्त देतो, असं सांगितलं होतं. ते बँकेत रांगेत उभे होते. पुढे दोन माणसं होती. वेळ घालवायला फोन उघडला आणि मावशींचा प्रश्न दिसला. मी रांगेतून बाहेर पडलो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली सही. मावशींनी ते पत्र मुलाला मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं आणि स्क्रूबद्दल पुन्हा बोलला नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण बाईंनी एक दिवस मशीन पिशवीत घालून दुकानात आणलं. माझ्यामागे याचं काय होईल सांगता येत नाही, तू घे, म्हणाल्या. त्यांनी जी किंमत सांगितली ती ऐकून मावशींनी हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, याची खरी किंमत याच्या वीसपट आहे. तुम्हाला ठाऊक नाही म्हणून मी गप्प बसून घेतलं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

बाईंनी खूप आग्रह केला. मावशी हलल्या नाहीत. शेवटी ठरलं की लिलावच करायचा, बाईंच्या नावाने, आणि वर्णन मावशींनी लिहायचं. वर्णन लिहिणार म्हणून त्या स्वतः बोली लावणार नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं. मन दुखलं नाही असं नाही. पण एकदा ठरवल्यावर त्यांनी त्याची चर्चा केली नाही.

त्यांनी लिहिलं ते असं की हंसाच्या मानेवर रंग उडालाय. डावा पाय किंचित वाकलाय. सुईचा स्क्रू मूळचा नाही, मी बसवलाय, रेडिओचा आहे. मशीन शिवतं, सोबत शिवलेली पट्टी. खाली प्रत्येक दोषाचा वेगळा फोटो. सून म्हणाली की आई, इतकं वाईट लिहिलं तर कोण घेईल. मावशी म्हणाल्या की जो घेईल तो परत पाठवणार नाही.

रविवारी दुपारी लिलाव संपणार होता. बाई, सून आणि मावशी त्या इवल्याशा दुकानात गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मुलगा जागा नाही म्हणून दारात उभा होता. त्या बसल्यापासून तासाभरातच बोली खोट्या लिलावातल्या आकड्याच्या पुढे गेली. बोली लावणारे अकरा जण, सगळे जुने, सगळ्यांनी आधी इतर दुकानांतून घेतलेलं. मावशींनी एकेक नाव तपासलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा दुप्पट झाला. बाई, ज्यांनी वर्गात कधी खुर्ची सोडली नव्हती, स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या आणि जिन्याला डोकं आपटलं. लागलं का, असं मावशींनी विचारलं, तर बाई म्हणाल्या की मला काही कळत नाही, वेळ संपली का ते सांग.

संपली होती. मशीन 'शिडाची होडी'ला गेलं होतं.

ते गृहस्थ खोक्याने मागवायला तयार नव्हते. पुढच्या आठवड्यात स्वतः आले. दारातून आत यायला त्यांना वाकावं लागलं, असे उंच. मावशींनी मशीन पुढे ठेवलं, दोरा ओवून दिला आणि कापडाची पट्टी सरकवली. जहाजाची इंजिनं फिरवलेल्या त्या जाड बोटांनी चाक धरलं आणि जोरात ओढलं. टाका वाकडा पडला.

"ओढू नका," मावशी म्हणाल्या. "ते स्वतःच जातं. तुम्ही फक्त सोबत राहा."

त्यांनी पुन्हा हळू फिरवलं. या वेळी शिवण सरळ गेली.