नावेच्या चार तिकिटांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. माझ्यावर चार तिकिटे होती. आता तीन उरली. मला टपालखात्याने काढलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण जो तो तेच माझ्या तोंडावर मारतो.

नदीवर पूल झाला आणि पैलतीरी नेणारी नाव बंद पडली. तिथल्या छापखानेवाल्याने तिची आठवण म्हणून मला हौसेने छापले. निळी शाई, तिकिटांमध्ये भोकांची रांग, मागे डिंक. प्रत्येक तिकिटावर नाव आणि वल्हे मारणारा नावाडी, डावा खांदा जरा उतरलेला. किंमत कुठेच छापली नाही. मग मी खोटा कसा? पण ऐकतो कोण.

शिंपीकाकांनी मला सासुरवाडीहून आणले. त्यांना अशा बिनसरकारी तिकिटांचाच नाद. त्यांनी मला प्रदर्शनात नेले, तर परीक्षकांनी चिमट्याने उचलले, ‘हे तिकीटच नव्हे’ म्हटले आणि जेवणात सापडलेल्या केसासारखे बाजूला ठेवले. देवाने मला जीभ दिली नाही, ही त्या परीक्षकांवर त्याची कृपा.

घरी काकूंचा तोच सूर. “लोक खरी तिकिटं जमवतात. आमच्याकडे खोट्यांचा संसार.”

“अगं, नावेत कोण आहे ते एकदा बघ तरी.”

“बघितलं, बघितलं. त्या गिऱ्हाइकाच्या बाह्या कधी लावताय?”

एकदाही बघितले नव्हते. तो नावाडी म्हणजे काकूंचे वडील. हयातभर फोटो काढू दिला नाही त्यांनी. माझी बाकीची भावंडे छापखान्यातच वाळवीने खाल्ली. म्हणजे त्या माणसाचा चेहरा उरला तो फक्त माझ्यावर. काकांना वाटे, हिने आपणहून बघावे आणि चकित व्हावे. साधी गोष्ट माणसे साधेपणाने का सांगत नाहीत, हे मला आजवर उमगलेले नाही.

तर एके दुपारी काकूंनी धाकट्या बहिणीला पत्र लिहिले. घरात तिकीट नव्हते. शिवणयंत्रावर काकांची वही उघडी, त्यात मी. काकूंनी माझा एक कोपरा टर्रकन फाडला, जिभेला लावला, पाकिटावर चिकटवला. डोळे दुसरीकडेच. टपालातल्या माणसानेही घाईत आधी शिक्का हाणला, मग डोळे उघडले. पत्र पोचले, पण बहिणीला दंड भरावा लागला.

आठवडाभरात ती पाकीट घेऊन दारात.

“ताई, बाबांना पाकिटावर चिकटवलंस?”

“कोणाला?”

बहिणीने पाकीट पुढे केले. काकूंनी चष्मा लावला. तो उतरलेला खांदा बघितला. पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि पाणी न घेताच परत आल्या.

“कितीदा म्हटलं तुला, बघ म्हणून,” काका म्हणाले.

“बघ म्हणालात. बाबा आहेत, असं म्हणायला काय झालं होतं?”

काका पाकिटावर वाकले. मग त्यांची नजर शिक्क्यावर गेली. “बिनसरकारी तिकिटावर सरकारी शिक्का. असं शोधून मिळत नाही. ते पाकीट मला दे ना.”

“भावोजी, दंड मी भरलाय. बाबा माझ्याकडे राहतील.”

असो. ज्याला फाडले, चाटले, ठोकले, त्याच्याच नशिबी मानाची जागा आली. देवाचा हिशेब आपल्याला कुठला कळायला. आम्ही तिघे मात्र फाटका कागद ठरलो. काकांनी वहीचे पान उलटले ते कायमचे.

पण काकू ते रोज परत उलटतात. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काही जपत असेल, तर नावे ठेवण्याआधी नीट बघा. आणि दाखवणाऱ्याने कोडी घालू नयेत, सरळ सांगावे. एवढे केलेत तरी माझ्यासारख्याचे भले होईल.

आणि एक काम करा, काकूंना कोणीतरी सांगा. भांडी आटोपून त्या थेट माझ्याकडे येतात आणि बाबांच्या खांद्यावर बोट टेकवतात. ओले बोट. निळी शाई पाण्याला टिकत नाही हो. एका बाबांचा खांदा आधीच फिका झाला आहे. हवे तेवढ्या वेळा बघा, काकू. फक्त आधी हात पुसा.