दोन शाळांचा पाठ

सत्रातील अखेरच्या शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला, उताराखालच्या शाळेच्या पाचवीच्या वर्गात, दोन शाळांनी मिळून रचलेला गणिताचा पाठ शिक्षणाधिकाऱ्यांसमोर सुरू झाला. पाठ पसंत पडला, तर दोन्ही शाळांची शुक्रवारची सामाईक तासिका वेळापत्रकात कायम होणार होती. नाही पडला, तर त्याच दिवशी बंद.

ही तासिका थोरल्या जाऊबाईंनी उभी केली होती. त्या चढावरच्या नावाजलेल्या शाळेत गणित शिकवत, धाकटी जाऊ उताराखालच्या शाळेत. एका ओट्यावर दोघींचे जमते, तर एका फळ्यावर का जमू नये, असे घरातले हसत. हसणे सोपे होते. वरच्यांना खालच्यांकडून शिकण्यासारखे काही दिसत नव्हते आणि खालच्यांना वरच्यांची शिकवणी नको होती. थोरल्यांनी दोन्ही मुख्याध्यापकांचे उंबरे झिजवले आणि एकच नियम घातला: पाठ सर्वांनी मिळून रचायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून केवळ मुलांच्या चुका टिपायच्या, तोंड उघडायचे नाही. चूक कशी घडते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बरोबर उत्तर शिकवता येत नाही, हा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढणे अजून कोणाला साधले नव्हते.

आज धाकटी शिकवत होती. मागच्या बाकावर अधिकारी, शेजारी थोरल्या, आणि टोकाला खालच्या शाळेतले बुटके, प्रेमळ गणितशिक्षक, ज्यांना मुले पिढ्यान्‌पिढ्या ‘लसावि सर’ म्हणत.

धाकटीने फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले: तीन छेद चार आणि पाच छेद सहा.

“मोठा कोणता?”

पाठाचा सगळा डोलारा इथे होणाऱ्या चुकीवर उभा होता. पूर्ण व्हायला दोन्हींत एकेकच तुकडा कमी, म्हणून दोन्ही सारखे, असे निम्मा वर्ग म्हणणार. मग कागदाच्या कोऱ्या पट्ट्या वाटून वाद पेटवायचा. पट्ट्या धाकटीच्या हातातच राहिल्या. वर्गभर हात वर झाले.

“पाच छेद सहा,” पुढची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. “कारण राहिलेला तुकडा लहान.”

“दोन्ही सारखे नाहीत का?”

“नाही!” सारा वर्ग एका सुरात.

अधिकाऱ्यांनी समाधानाने मान डोलावली. थोरल्यांनी मात्र मांडीवरच्या कागदांचे शेवटचे पान उघडले. मुलीचे वाक्य त्यांचे स्वतःचे होते; पाठाच्या आराखड्यात अगदी समारोपाला लिहिलेले. त्यांनी टोकाकडे पाहिले. लसावि सर छताचे निरीक्षण करत होते.

“सर,” नियम मोडून त्या कुजबुजल्या, “काय केलंत?”

“सकाळी जरा उजळणी घेतली. आपली पोरं साहेबांपुढे तोंडावर पडायला नकोत.”

“सगळ्या पाठाची?”

“घ्यायची तर नीटच घ्यायची की!”

फळ्यापाशी धाकटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घरी दूध उतू गेले की ती जशी थोरल्यांकडे पाही, तशी आता पाहत होती. थोरल्यांनी गप्प बसणे पुरेसे होते. नियम तेच सांगत होता आणि सोयही त्यातच होती. परंतु हा पाठ पसंत पडला असता, तर पुढच्या प्रत्येक शुक्रवारी दोन्ही शाळा एकमेकींना तालमी दाखवत बसल्या असत्या. तासिका वाचली असती; ती ज्यासाठी होती, ते वाचले नसते.

त्या उभ्या राहिल्या.

“साहेब, हा पाठ मुलांना सकाळीच शिकवून झालाय. तुम्ही बघताय ती तालीम आहे.”

“ताई!” धाकटीच्या तोंडून निघून गेले.

अधिकाऱ्यांचा चेहरा ताठ झाला. “मग मला कशाला बोलावलंत?”

“तास अजून संपला नाही, साहेब.” त्या फळ्याकडे वळल्या. “अगं, दुसरं उदाहरण घाल. आपण न ठरवलेलं.”

“न ठरवलेलं आता कुठून आणू?”

“सात छेद सहा आणि सहा छेद पाच. लिही.”

लिहिताना खडू मोडला. धाकटीने तुकड्यानेच उदाहरण पुरे केले. “मोठा कोणता?”

“सात छेद सहा!” वर्ग गरजला. “तुकडा लहान!”

लसावि सरांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले.

धाकटी बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. तिने पट्ट्या वाटल्या. मुले घड्या घालू लागली. पट्टीचे पाच भाग काही केल्या सारखे होईनात.

“बाई, मावतच नाही,” खिडकीजवळचा मुलगा कुरकुरला. “पाचच भाग आहेत, सहावा कुठं काढू?”

“तूच सांग.”

“दुसरी पट्टी द्या मग.”

लसावि सर अर्धवट उठले. “मी फक्त एवढंच सांगतो की...”

“बसा,” थोरल्यांनी त्यांची बाही ओढली.

दोन वेण्यांची मुलगी दोन पट्ट्या जोडून पाहत होती. “बाई, इथं तुकडा राहत नाहीये. वर जातोय.”

“म्हणजे लहान तुकडावालाच मोठा,” खिडकीजवळचा म्हणाला. “सकाळी सरांनी सांगितलं!”

“सकाळचा तुकडा कमी होता, वेड्या! हा जास्तीचा आहे!”

“मग काय झालं?”

“मग... थांब ना जरा!”

घंटा झाली. जागचे कोणी हलले नाही. मागच्या रांगेतली मुले बाकांवरून पुढे वाकून पट्ट्या ओढत होती. फळ्यावर उत्तराची जागा रिकामीच होती.

अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण लावले. ते दारापर्यंत गेले, तिथून त्यांनी वादाकडे पुन्हा एकदा पाहिले आणि मग थोरल्यांकडे वळले.

“कायम करणार नाही,” ते म्हणाले. “पाठ फसला. पण हा वाद थांबवू नका; तासिका आणखी एक सत्र चालू ठेवा.”