जयवंताची डिक्शनरी

शेळगावच्या पुढे कालव्याच्या काठाला पाटकऱ्याची चौकी होती. तिथं जयवंता नऊ वर्षं राहत होता. पाण्याच्या पाळ्या लावायच्या, दारं उघडायची-मिटायची, पाण्याची पातळी वहीत टिपायची, एवढंच काम. बायको म्हाळसा होती तोवर चौकीला घरपण होतं. ती तापात गेली, लेक वडगाव निंबाळकरला नांदायला गेली, आणि मग दिवसचे दिवस बोलायला माणूस मिळेना. शेतकरी यायचे, पाळी विचारायचे आणि बांधानं निघून जायचे.

त्यानं बदली मागायचं ठरवलं. वरच्या कचेरीत अर्ज इंग्रजीतून चाले. जयवंता मराठी सातवी पास. इंग्रजी त्यानं जुन्या शाळेच्या पुस्तकांवरून एकट्यानंच गिरवलेलं. इंदापूरच्या बाजारात त्याला एक चिमुकली डिक्शनरी मिळाली होती. शब्दापुढे एक अर्थ, की संपलं. अर्थांच्या रांगेत 'एकटा' धुंडाळत त्यानं दोन दिवस पानं चाळली, तेव्हा 'सोल' हा शब्द हाती लागला. 'मी सोल माणूस आहे, सबब बदली व्हावी,' असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज सगळ्यांदेखत वाचला. "अरे जयवंता, तू काय बुटाचा तळ आहेस?"

सगळे हसले. जयवंताही हसला, न हसून करतो काय? पण अर्ज खिशात घालून बाहेर पडला तेव्हा त्याची कानशिलं तापली होती. तसाच तो बारामतीच्या पेठेत मोहनरावांच्या पुस्तकांच्या दुकानात शिरला. मोहनराव वयस्क, ओळखीचे, मोजकं बोलणारे.

"विंग्रजीची चांगली डिक्शनरी पायजे."

"चांगली म्हंजे कशी?"

"माणसाचं हसं करत न्हाय अशी."

मोहनराव हसले नाहीत. त्यांनी तीन पुस्तकं पुढ्यात ठेवली. "जाड हाय म्हणून घेऊ नका, जयवंतराव. आधी तुमाला येतो तो शब्द काढा. येणारा शब्द जिला नीट सांगता येत न्हाय, ती न येणारा काय सांगणार? मग ज्यानं तुमाला पाडलं, तो काढा."

जयवंतानं 'वॉटर' काढला. पहिलीत नुसतं 'पाणी'. दुसरीत 'उदक, तोय, सलिल'. ही कळायला आणखी एक डिक्शनरी लागली असती. तिसरीत उच्चार बाळबोध लिपीत दिला होता, पाणी होतं, पिकाला पाणी देणंही होतं, आणि खाली एक वाक्य: 'शेतकरी सकाळी उसाला पाणी देतो.' ते त्यानं दोनदा वाचलं. हे तर त्याच्या रोजच्या कामातलं वाक्य.

मग त्यानं 'सोल' काढला. एकमेव, बुटाचा तळ, एक मासा. प्रत्येकाला वेगळं वाक्य. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, माणसाच्या एकटेपणासाठी 'लोनली' पाहा. त्यानं पानं मागे उलटली. 'ज्याला सोबत नाही, आणि सोबत नसल्याचं ज्याला दुःख आहे, असा.'

त्या ओळीवर बोट ठेवून जयवंता बराच वेळ उभा राहिला. कुणीतरी कुठंतरी बसून हे लिहिलं होतं, आणि ते त्याला तंतोतंत लागू होतं.

"ह्यो शब्द घालतो अर्जात," तो म्हणाला.

"नगा घालू," मोहनराव हळू बोलले. "सायबाला कारण लागतं, दुखणं न्हाय. बायको वारली, घरात दुसरं कोण न्हाय, एवढंच लिवा."

ती तिसरी डिक्शनरी घेऊन तो चौकीवर आला. चार दिवस एकेक शब्द तपासून त्यानं नवा अर्ज लिहिला आणि टपालात टाकला. रोज काम उरकलं की कट्ट्यावर बसून तो डिक्शनरीतले शब्द मोठ्यानं म्हणायचा. उच्चार बरोबर की चूक, सांगणारं कुणी नव्हतं. पाण्यावर टिटवी तेवढी ओरडायची.

दीड महिन्यानं कागद आला. जागा रिकामी नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. डिक्शनरी न उघडता त्याला तो पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत समजला. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली प्रयागबाई पाळी विचारायला आली.

"सायबाचा कागद आलाय," जयवंता म्हणाला. "विंग्रजी हाय. समदा कळला मला."

"काय म्हनतो सायब?"

"न्हाय म्हनतो."

"मंग हितंच ऱ्हावा की," प्रयागबाई म्हणाली. "आमची पाळी कवा?"

"परवा, सकाळच्या पारी."

ती गेली. जयवंतानं कागदाची घडी घातली आणि पातळी बघायला तो कालव्याच्या दाराकडे निघाला.