आडव्या कपाटाचं सुख

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे. खडकीतल्या एका छोट्या वाचनालयात राहतो. मेहबूब सुतारांच्या वडिलांनी मला घडवलं. साडेसहा फूट उंची, काचेची दारं, पितळी कड्या! खालच्या फळ्यांवर जाडजूड शब्दकोश बसले आणि वर मुलांची चित्रांची पुस्तकं. "काय रुबाब आहे!" असं लोक म्हणायचे आणि मी आणखी ताठ उभा राहायचो.

पुढे कड्या काळवंडल्या. महिनोन्महिने माझं दार कुणी उघडेना. गेल्या एप्रिलात समितीची बैठक भरली. सचिव रंगनाथराव म्हणाले, "मुलांना मोबाइल पुरतो. बालविभाग बंद करू, हे कपाट काढून टाकू." माझ्या फळ्याफळ्यांत धस्स झालं.

रोज वाचनालय झाडणाऱ्या सुगराबी दाराशी उभ्या होत्या. "साहेब, एक बोलू का?"

"अहो, तुम्ही काचा पुसा. वाचनालयाचं आम्ही बघतो," रंगनाथराव म्हणाले.

"काचांचंच सांगतेय. खालच्या काचेवर रोज पोरांच्या बोटांचे ठसे असतात. नाकाचेपण असतात. वर एकसुद्धा नाही. मुलं येतात, बघतात आणि जातात. हात पोचत नाही त्यांचा. हे कपाट आडवं करा."

सगळे हसले. अध्यक्ष गोपाळकृष्णकाका मात्र उठले. सत्तरीचा तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला आणि चष्मा सरसावून ठसे बघत राहिला.

"रंगनाथराव, इतकी वर्षं मुलांची पुस्तकं आपण आपल्या उंचीला लावली," ते म्हणाले. "सुगराबी, कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्याच दिवशी मेहबूबभाईंनी माझी दारं उतरवली, मला आडवं केलं, मध्ये नव्या फळ्या ठोकल्या. जन्मभर ताठ उभ्या राहिलेल्या मला आधी लाजच वाटली. पण संध्याकाळी एक चिमुरडी आली, तिनं थेट आत हात घातला आणि पुस्तक ओढून काढलं. अहाहा, काय गुदगुल्या झाल्या! मेअखेर माझ्यापुढे बसायला जागा उरेना. रंगनाथराव स्वतः घरून सतरंजी घेऊन आले.

परवा पाच वर्षांच्या मेहनाजनं अध्यक्षांचा सदरा ओढला. "आजोबा, मनात वाचलं की मला गोष्ट कळतच नाही." काका खाली बसले, सगळं ऐकून घेतलं. आज भिंतीवर नवी पाटी लागली आहे: 'येथे मोठ्यानेच वाचावे. शांतता हवी असल्यास पलीकडच्या खोलीत जावे.'

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी अध्यक्ष होईल. तेव्हा असं खाली बसून ऐकायची सवय जपा. आता मी थांबतो. माझ्यासमोर सहा जणी सहा गोष्टी एकदम वाचतायत, आणि मला एकही चुकवायची नाही!