मधेच थांबणारं गाणं

खर्डीच्या बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवणाऱ्या लडकूचा जीव त्या वर्षी स्वीडनच्या एका पोरीत अडकला. कॅसेटच्या कव्हरवर ती डोक्यात पातेलं घालून उभी होती. कल्याणला फुटपाथवर लडकूने ती कॅसेट उचलली, ती नुसतं कव्हर बघून. हा तिचा पहिलाच अल्बम, एवढं कॉलेजात जाणाऱ्या बहिणीने वाचून सांगितलं. गाण्यांचे शब्द बहिणीलाही कळले नाहीत, पण त्यावाचून काही अडलं नाही. ती बाई गाता गाता शिंकायची, चमचे वाजवायची, कोंबडीसारखी ओरडायची. एका गाण्यात तर कहरच. ऐन रंगात सगळं वाजणं बंद, चिडीचूप. टेप बिघडला म्हणून आपण हात पुढे करावा, तोच ती खुदकन हसून पुन्हा सुरू. लडकू दर वेळी फसायचा आणि दर वेळी खूश व्हायचा.

ते गाणं हळदीत वाजवायचं, असं त्याने डोक्यात घेतलं. पार्टीचा मालक धोंडी मास्तर ताशा वाजवायचा, आणि थांबणं त्याच्या गावीही नव्हतं. हळदीत वाजणं थांबलं की यजमानाचा अपमान, ही त्याची पक्की समजूत.

"एकदाच वाजव," तो म्हणाला. "पब्लिक खाली बसली, तर कॅसिओ माजा भाचा वाजवंल. तू जनरेटर सांभाळ."

कॅसिओ गेला तर लडकूला कोण कुत्रं विचारणार? तरी माघार घेईल तर शपथ.

हळद मुरबाडकडच्या एका गावात होती. मांडवात जिवली धवलेरी गात होती, म्हणजे तिचे ओठ हलत होते. लग्नाची गाणी म्हणणारी ही म्हातारी नसेल तर हळद लागत नाही. म्हणून लोक तिला मानाने बोलावतात, पाटावर बसवतात, आणि मग शेजारीच बेंजो लावून तिचा गळा बुडवून टाकतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

लडकूने गाणं सुरू केलं. पोरं नाचली, नवरदेवाचा मामाही घुसला. ती जागा आली आणि लडकूने बोटं उचलली. बाकीचे ठरल्याप्रमाणे थांबले, धोंडीनेही दातओठ खात काड्या आवरल्या. मामा एक पाय वर घेऊन तसाच उभा राहिला.

त्या शांततेत जिवलीचा आवाज खणखणीत उमटला आणि तीच दचकली.

"अगो बाय, मीच का गातंय ही?"

मांडव हसून लोटपोट झाला. वाजणं पुन्हा सुरू झालं, पण लोकांनी तीच जागा परत मागितली. या वेळी म्हातारी मान ताणून तयारच होती. मामाचा पाय खाली येईना, मामीला कुणी बोलवा, अशी ओळ तिने जागेवर रचून म्हटली. मग कोण खाली बसतंय!

गाणं संपल्यावर तिने लडकूला जवळ बोलावलं, आणि हे मधेच थांबणं कॅसेटमधल्या एका बाईचं, हे त्याच्याकडून काढून घेतलं.

"ही शानी बाय कोनची रं?"

"स्वीडनची, आजी. लय लांब."

"इतक्या हळदी झाल्या, माज्यासाटी कुनी बेंजोवाला थांबला नाय रं."

लडकूला एकदम भरून आलं. धोंडी मात्र घाईघाईने पुढे झाला. "पुढच्या हळदीला हेच वाजवू. पन किती थांबायचं ते मी सांगनार."

"तू नको," जिवली म्हणाली. "मी हात वर केला का गप. खाली केला का वाजवा."

पुढची हळद शहापूरला होती. गाण्यात ती जागा आली, तसा जिवलीने हात वर केला आणि गायला लागली. एक गाणं झालं, दुसरं झालं. नवरदेवाची आई पदराने डोळे पुसायला लागली. धोंडी काड्या उगारून "बास ना गो" अशा खुणा करून थकला, पण म्हातारीचा हात वरच.

कॅसिओ लडकूकडेच राहिला होता. तो बोटं अधांतरी धरून बसला होता, आणि तो हात खाली येऊच नये असं त्याला मनापासून वाटत होतं.